दहा दिवसांची रजा

"ध्यानबिन सगळं रिटायर झाल्यावर!" हे वाक्य आमच्या घराण्यात इतक्या वेळा बोललं गेलंय की त्याला आता म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. मामा म्हणतो, आत्या म्हणते, ऑफिसातली मंडळी तर म्हणतातच. मी रोज सकाळी तासभर डोळे मिटून बसते हे कळलं की लोकांचे साधारण दोन गट पडतात. एका गटाला वाटतं, हिला काहीतरी दुःख झालंय, विचारू नये. दुसऱ्या गटाला वाटतं, ही आता हळूहळू संसारातून अंग काढून घेणार. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गटांचं एकमत असतं. ध्यान हे भिक्षूंनी आणि ऋषीमुनींनी हजारो वर्षं गुहेत बसून करायचं काम आहे, आणि आपल्यासारख्यांनी ते केलंच तर हौस म्हणून.

गंमत अशी की मी ज्या पद्धतीने बसते ती पद्धत संसारी माणसांच्या हातात आली त्याला जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षं झाली आहेत. आणि त्या इतिहासात गुहा फारशा नाहीतच. भाताची खाचरं आहेत, गिरणी आहे, रेल्वे आहे, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे एक सरकारी कचेरी आहे. मी स्वतः अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे ह्या कचेरीचं मला जरा जास्तच कौतुक. पण गोष्ट सुरू होते ती एका राजापासून, आणि तो राजा आपल्या ओळखीचा आहे.

रत्नागिरीला गेलेला माणूस थिबा पॅलेस बघून येतोच. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणीसकट आगबोटीवर चढवलं, आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. आपण बघतो तो राजवाडा बराच उशिरा, १९१० च्या सुमारास बांधून झाला. त्यात जेमतेम काही वर्षं राहून डिसेंबर १९१६ मध्ये थिबा तिथेच वारला. तीस वर्षं समुद्राकडे बघत काढली त्याने. दिल्लीच्या बहादुरशहाला रंगूनला नेऊन ठेवायचं आणि मंडालेच्या थिबाला रत्नागिरीला, ही इंग्रजांची अदलाबदलीची रीत होती. आणि योग बघा, ज्या मंडालेच्या किल्ल्यातून थिबाला नेलं त्याच किल्ल्यातल्या तुरुंगात १९०८ ते १९१४ आपले टिळक होते, ज्यांचा जन्म रत्नागिरीचा! मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत. टिळकांनी तिथे बसून गीतारहस्य लिहिलं आणि संन्यास न घेता, कर्म करत राहूनच मोक्षाची वाट चालता येते असा निर्वाळा दिला. हे लक्षात ठेवा, कारण त्याच सुमाराला त्याच देशात एक भिक्षू जवळपास असंच काहीतरी, पण अगदी वेगळ्या रस्त्याने, सांगत फिरत होता.

त्याआधी थिबाच्या जाण्याने तिथल्या लोकांचं नेमकं काय गेलं ते सांगायला हवं. ब्रह्मी राजा हा नुसता राजा नव्हता, तो धर्माचा आश्रयदाता होता. संघप्रमुख नेमणं, भिक्षूंच्या परीक्षा घेणं, विहारांना मदत करणं हे सगळं राजाकडे. थिबाच्या बापाने, मिंडोन राजाने, अख्खं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं आणि १८७१ साली मंडालेला धर्मसंगीती भरवली. थिबा स्वतः तरुणपणी भिक्षूंची पालीची परीक्षा उत्तीर्ण झालेला. इंग्रजांना ह्या कामात रस नव्हता. ब्रह्मदेशातल्या बौद्धांची तर जुनी श्रद्धा की बुद्धाचं शासन हळूहळू क्षीण होत जाणार आणि एक दिवस जगातून नाहीसं होणार. राजाच गेल्यावर तो दिवस दारात आला असं लोकांना वाटलं तर नवल काय?

आता प्रश्न असा की राजाने सांभाळायची वस्तू राजा नसताना कोणी सांभाळायची?

ह्याचं उत्तर ज्याने दिलं तो भिक्षू म्हणजे लेडी सयाडो. (नावावर जाऊ नका, "लेडी" हे त्यांच्या मोन्यवाजवळच्या वनातल्या विहाराचं नाव, आणि सयाडो म्हणजे पूज्य गुरू.) जन्म १८४६ चा. पाली आणि अभिधर्म ह्यांतले दांडगे पंडित. त्यांचं उत्तर होतं: लोकांनी सांभाळायची. साध्या गृहस्थांनी, बायकांनी, शेतकऱ्यांनी. त्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे विद्वानांच्या पालीत अडकलेला अभिधर्म सोप्या ब्रह्मी भाषेत, पद्यातसुद्धा, लिहून काढला. छापखाने आलेलेच होते, पुस्तकं गावोगाव गेली, लोकांनी मंडळं काढून ती पाठ केली. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी जे केलं त्याची इथे आठवण होणं स्वाभाविक आहे.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. तोपर्यंत गृहस्थाचा धर्म म्हणजे दान द्यायचं, शील पाळायचं, उपोसथाला विहारात जायचं, पगोड्याला सोन्याचा वर्ख लावायचा. ध्यान करणारे भिक्षूसुद्धा थोडेच. तसं पाहिलं तर बुद्धाच्या काळात ध्यानात पारंगत असलेल्या चित्त गृहपतीसारखी माणसं पाली ग्रंथांत भेटतात, आणि ब्रह्मदेशातही अठराव्या शतकात मेदावी नावाच्या भिक्षूने विपश्यनेवर पुस्तकं लिहिली होती. म्हणजे धागा होता, पण बारीक. आणि समज असा की आधी खोल समाधीच्या पायऱ्या चढायच्या, त्याला वर्षानुवर्षं एकांत हवा, मगच विपश्यना, म्हणजे जे आहे ते जसं आहे तसं बघणं. लेडी सयाडोंनी जुन्या ग्रंथांच्याच आधारे सांगितलं की तेवढी खोल समाधी लागलीच पाहिजे असं नाही. क्षणाक्षणाला टिकणारी एकाग्रता असली तरी काम सुरू करता येतं.

वाचताना हे एखाद्या शास्त्रातलं बारीक कलम वाटतं. पण सगळा फरक ह्या एका कलमाने पडला. अट शिथिल झाल्याबरोबर भात लावणारा माणूसही अर्ज करायला पात्र ठरला! १९११ साली इंग्रज सरकारने लेडी सयाडोंना अग्गमहापंडित ही पदवी दिली. राजा नेला त्यांनीच. १९२३ साली सयाडो गेले, शेवटची वर्षं त्यांची दृष्टी गेलेली होती.

त्यांचा एक शिष्य म्हणजे सया तेजी. मला ह्या सगळ्या परंपरेत हा माणूस सर्वांत जवळचा वाटतो. रंगूनच्या दक्षिणेला, नदीपलीकडे प्यॉब्वेजी नावाचं खेडं, तिथे १८७३ साली जन्म. बाप लहानपणीच गेला. आई घरी वाटाण्याची भजी करायची आणि हा डोक्यावर ताट घेऊन विकायला जायचा, पण इतका लाजाळू की ओरडायचाच नाही. भजी तशीच परत! शेवटी आईने धाकट्या बहिणीला बरोबर द्यायला सुरुवात केली. ताट ह्याच्या डोक्यावर आणि आरोळी बहिणीची. पुढे तो बैलगाडी हाकू लागला, मग तांदळाच्या गिरणीत लागला. लग्न झालं, मुलं झाली. १९०३ साली पटकीची साथ आली, तिच्यात पोरं गेली, नातेवाईक गेले. तो मृत्यू जिथे पोचत नाही असं काही आहे का, हे शोधत घराबाहेर पडला आणि लेडी सयाडोंकडे पोचला. साधारण सात वर्षं तिथे राहिला. ह्या वर्षांत त्याचा खर्च कोणी चालवला? बायको आणि मेहुणीने. शेतीच्या उत्पन्नातून त्या दरवर्षी पैसे पाठवत असत.

इथे मला आपले धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या साखवाळचे. हेही १८९९ च्या शेवटी बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले, घरी बायको आणि तान्ही मुलगी. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपाला गेले, १९०२ साली तिथे दीक्षा घेतली, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. म्हणजे तेजी आणि कोसंबी साधारण एकाच काळात, एकाच गोष्टीसाठी घराबाहेर होते. दोघेही परत आले आणि दोघांनीही ती गोष्ट आपल्या लोकांना वाटली. कोसंबींनी मराठीत बुद्ध आणला. पण दोघांच्याही मागे घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. बाळाबाई कोसंबी काय, तेजींची पत्नी काय, ध्यानाचा इतिहास लिहिताना ह्यांचं नाव एका ओळीपलीकडे जात नाही. मला दर वेळी वाटतं, ह्या बायकांनी कधी बसावं? पोळ्या झाल्यावर? लेडी सयाडोंनी दार उघडलं खरं, पण उंबऱ्यापर्यंत यायला वेळ कोणाकडे होता?

तेजी गावी परतले आणि १९१४ च्या सुमाराला शिकवू लागले. अंगावर चीवर नाही, साधा शेतकरी. शिकायला येणारे बहुतेक आजूबाजूचे शेतकरी आणि मजूर. गृहस्थाने गृहस्थाला ध्यान शिकवायचं ही गोष्ट तेव्हा नवी होती. लेडी सयाडोंनी स्वतःची काठी ह्या शिष्याच्या हातात दिली आणि शिकवायची आज्ञा केली, असं ह्या परंपरेत सांगतात.

आणि आता ती कचेरी.

ऊ बा खिन. जन्म ६ मार्च १८९९, रंगूनच्या कामगार वस्तीत. अभ्यासात हुशार, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत सुवर्णपदक आणि कॉलेजची शिष्यवृत्ती. पण घरची परिस्थिती अशी की कॉलेज सोडून पैसे मिळवणं भाग. काही दिवस एका वर्तमानपत्रात काढले आणि मग ब्रह्मदेशाच्या महालेखापालाच्या कार्यालयात कारकून म्हणून चिकटले. तेव्हा ब्रह्मदेश हिंदुस्थानच्याच सरकारात होता. १९२६ साली लेखा सेवेची परीक्षा दिली, हळूहळू वर चढत गेले. ही कहाणी आपल्या कोणाच्याही आजोबांची असू शकते, नाही का?

जानेवारी १९३७ मध्ये तेजींचा एक शिष्य त्यांना भेटला आणि त्याने आनापान म्हणजे काय ते सांगितलं. श्वास आत येतो, बाहेर जातो, त्याच्याकडे नुसतं लक्ष ठेवायचं. ह्यांनी करून पाहिलं आणि मन इतकं चटकन स्थिरावलं की पूर्ण शिबिर करायचंच असं ठरवून टाकलं. मग त्यांनी काय केलं? घर सोडलं नाही, राजीनामा दिला नाही. दहा दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला.

मला हे वाक्य फार आवडतं. ज्या पायरीवर आधीच्या माणसांनी घरदार टाकलं तिथे हा कारकून रजेचा अर्ज टाकतो.

प्यॉब्वेजी रंगूनपासून आठ मैल, पण मधे नदी आणि चिखल. ओहोटी असल्यामुळे होडी अर्ध्यातच थांबली. ऊ बा खिन गुडघाभर चिखलातून काठावर चढले आणि उरलेली वाट खाचरांतून तुडवत, पाय चिखलाने माखलेले, तेजींच्या दारात उभे राहिले. रात्रीच त्यांना आनापान दिलं गेलं. भजी विकणाऱ्या मुलाने हिशेबनिसाला शिकवायला सुरुवात केली.

पुढचं थोडक्यात सांगते. १९४१ साली ऊ बा खिन रेल्वेचे लेखा अधिकारी म्हणून फिरतीवर असताना वेबू सयाडो ह्या नावाजलेल्या भिक्षूंना भेटले. ह्या गृहस्थाची प्रगती बघून ते म्हणाले, तुम्ही शिकवलं पाहिजे. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ऊ बा खिन स्वतंत्र देशाचे पहिले महालेखापाल झाले. १९५० साली त्यांनी महालेखापालांच्या कार्यालयातच विपश्यना मंडळ स्थापलं, मुख्यतः तिथल्याच कर्मचाऱ्यांसाठी. १९५२ साली रंगूनला, श्वेडगोन पगोड्याच्या उत्तरेला, आंतरराष्ट्रीय ध्यानकेंद्र उघडलं. दिवसा कचेरी, उरलेला वेळ केंद्र. सरकार त्यांच्यावर इतकं विसंबून होतं की काही वर्षं तीन पदं आणि एकदा साधारण वर्षभर चार पदं ते एकाच वेळी सांभाळत होते. १९६७ साली निवृत्त झाले, १९ जानेवारी १९७१ ला गेले. म्हणजे तीस वर्षं हा माणूस ध्यानही करत होता आणि ताळेबंदही बघत होता.

त्याच काळात रंगूनला महासी सयाडोंचंही मोठं केंद्र चालू होतं, आणि त्यांची पद्धतही पुढे जगभर गेली. तो वेगळा विषय. मी ऊ बा खिन ह्यांच्याबद्दल लिहितेय ते ह्यासाठी की त्यांनी ध्यान अशा ठिकाणी आणलं जिथे त्याचा कस लागतो. विहारात कोणी तुमच्याकडे फाईल घेऊन येत नाही. कोणी बिल मागच्या तारखेला टाका म्हणत नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या, युद्धात आणि यादवीत होरपळलेल्या देशाच्या हिशेबखात्यात काय काय चालत असेल ह्याची कल्पना ज्याने कधीही ऑडिट केलंय त्याला सहज येईल.

कामाची पद्धत अगदी साधी. आधी पंचशील. मग साधारण तीन दिवस नाकपुड्यांपाशी श्वासाकडे लक्ष. मन जरा धारदार झालं की ते डोक्यापासून पायापर्यंत फिरवायचं आणि शरीरात जिथे जे जाणवतंय, उष्णता, खाज, दुखणं, झिणझिण्या, ते बघायचं. हवंसं वाटलं तरी पकडायचं नाही, नकोसं वाटलं तरी ढकलायचं नाही. सगळं येतं आणि जातं, अनित्य आहे, हे पुस्तकातून नव्हे तर स्वतःच्या गुडघ्यातून शिकायचं. शेवटी मैत्रीभावना. मग घरी जायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ बसायचं.

त्यांच्या शिष्यांपैकी आपल्याला माहीत असलेले म्हणजे सत्यनारायण गोएंका. जन्म १९२४ चा, मंडालेचा, मारवाडी व्यापारी घराणं. अर्धशिशीने हैराण, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायची वेळ आलेली, परदेशातले डॉक्टर झाले. १९५५ साली ऊ बा खिन ह्यांच्याकडे गेले तर त्यांनी सांगितलं, डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, हा धर्म त्यासाठी नाही. मन शुद्ध करायचं असेल तर या. (हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. हल्ली ऑफिसात ध्यानाची जी सत्रं होतात त्यांत उत्पादकता वाढेल, झोप सुधारेल ह्यापलीकडे कोणी बोलत नाही.) गोएंका गेले आणि पुढची चौदा वर्षं धंदा सांभाळून शिकत राहिले. १९६२ साली ने विन ह्यांची लष्करी राजवट आली, पाठोपाठ उद्योगधंद्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यांचे कारखाने गेले. जून १९६९ मध्ये आजारी आईसाठी ते मुंबईला आले. ३ जुलैला मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर लागलं. माणसं किती, तर चौदा! १९७४ साली इगतपुरीला जागा घेतली, १९७६ साली धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. १९७५ साली जयपूरच्या तुरुंगात आणि एप्रिल १९९४ मध्ये किरण बेदींच्या काळात तिहारमध्ये हजारावर कैद्यांचं शिबिर झालं. फेब्रुवारी २००९ मध्ये गोराईचा पगोडा खुला झाला, रंगूनच्या श्वेडगोनसारखा दिसणारा, आत एकही खांब नसलेला. सप्टेंबर २०१३ मध्ये गोएंका मुंबईतच गेले.

म्हणजे बघा, १८८६ साली ब्रह्मदेशातून कोकणात एक राजा आला आणि १९६९ साली मुंबईत एक व्यापारी. राजाला जबरदस्तीने आणलं. व्यापारी आपणहून आला, पण त्याचंही तिकडचं बरंचसं बुडालेलं होतं. पहिल्याचं जाणं झालं नसतं तर दुसऱ्याचं येणं झालं असतं का? इतिहासात "जर-तर" ला अर्थ नसतो म्हणतात. तरीही.

आता जरा अडचणीचं बोलते, कारण ते टाळून हा लेख पुरा करणं मला जमणार नाही.

डिसेंबर १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, त्यांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. त्यांच्या "बुद्ध आणि त्याचा धम्म" ह्या ग्रंथातला एक मुद्दा मला सारखा टोचत राहतो. त्यांचं म्हणणं असं की धर्म खाजगी असू शकतो, धम्म असू शकत नाही. एकट्या माणसाला धम्माची गरजच नाही. दोन माणसं आली की त्यांच्यातला व्यवहार कसा असावा, तिथे धम्म सुरू होतो. मग डोळे मिटून एकटीने बसणाऱ्या माझ्यासारखीने काय म्हणायचं? महाराष्ट्रात आजही हा वाद आहे. विपश्यना मनापासून करणारे बौद्ध आहेत आणि ध्यानाने जात जात नाही असं रोखठोक सांगणारेही आहेत. दुसऱ्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही.

ब्रह्मदेशाकडे बघितलं तर ते आणखीच खोडता येत नाही. २००७ साली तिथले भिक्षू मैत्रीचं सुत्त म्हणत लष्कराविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्याच देशात २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना घरदार सोडून बांगलादेशात पळावं लागलं, आणि त्यांच्याविरुद्ध विष पेरणाऱ्यांत काही चीवरधारीही होते. घरोघरी ध्यान पोचलेला हा देश. म्हणजे बसणं ही कसलीही हमी नाही. शिवाय ही चळवळ जन्मली तीच मुळी "आपला धर्म बुडतोय, वाचवा" ह्या भीतीतून. भीतीतून चांगली गोष्टही जन्मते, पण भीती तिच्या तळाशी राहतेच.

मग मी का बसते?

मी इगतपुरीला पहिल्यांदा गेले ते आई गेल्यानंतरच्या वर्षी. पहाटे चारची घंटा, दिवसाला दहा-दहा तास बसणं, पूर्ण मौन, फी काही नाही. तिसऱ्या दिवशी गुडघे सोडून काहीही आठवत नव्हतं, आईसुद्धा. त्या दहा दिवसांत मला काही दिसलं-बिसलं नाही. पण त्यानंतर काही वर्षांनी, तेव्हा जिथे नोकरी करत होते तिथे, मार्चअखेरीला एक खर्च माझ्या सहीने अशा खात्यात टाकायला सांगण्यात आलं जिथे तो टाकण्यासारखा नव्हता. सांगणारा माणूस वरचा होता आणि टेबलाशी उभा होता. मला आठवतं ते एवढंच की छातीच्या मधोमध गरम लागायला लागलं, आणि ते गरम लागतंय हे मला दिसलं. राग आणि भीती, दोन्ही एकाच जागी. दोन-तीन श्वास मी काहीच बोलले नाही. मग म्हटलं, "मी सही करणार नाही." आवाज चढला नाही. त्या वर्षी पगारवाढ झाली नाही, पुढे मी ती नोकरी सोडली. बस्स, इतकंच. ध्यानाने मला धैर्य दिलं असं मी म्हणणार नाही. आजोबा ध्यान न करताही असंच वागले असते. पण मला त्या दोन-तीन श्वासांचा अवधी मिळाला, आणि तो कुठून आला हे मला माहीत आहे.

बाबासाहेबांच्या मुद्द्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. एकटीचं बसणं हा धम्म नव्हेच. ती तयारी. धम्म सुरू झाला तो टेबलापाशी, दुसरा माणूस समोर उभा राहिला तेव्हा. ऊ बा खिन ह्यांनी बाकी सगळ्या जागा सोडून महालेखापालाच्याच कार्यालयात मंडळ का काढलं, हे मला त्या दिवशी कळलं असं वाटतं. आणि ज्या दिवशी माझ्यासमोर हिशेबाऐवजी जातीचा प्रश्न उभा राहील, म्हणजे तो रोजच उभा असतो, फक्त मला दिसत नाही, त्या दिवशी माझं बसणं कुठल्या कामाचं हे तिथेच ठरेल, गादीवर नाही.

महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजा देण्याचा आदेश काढलेला आहे. मला तो आदेश वाचताना हसू आलं आणि भरूनही आलं. परावर्तित रजा, अटी आणि शर्ती, सगळी आपली ओळखीची सरकारी भाषा. पण त्या भाषेमागे गुडघाभर चिखलातून निघालेला एक हिशेबनीस आहे, त्याच्यामागे भजी न विकता परत येणारा मुलगा आहे, पैसे पाठवणाऱ्या दोन बायका आहेत, शेवटी अंध झालेला एक भिक्षू आहे, आणि रत्नागिरीच्या खिडकीतून समुद्र बघणारा राजा आहे.

रजा दहा दिवसांची असते. अकराव्या दिवशी कामावर रुजू व्हावं लागतं. जुन्या लोकांना हा अकरावा दिवस म्हणजे ध्यानातली अडचण वाटत होती. ह्या कारकुनाने दाखवून दिलं की ध्यानाची परीक्षा त्याच दिवशी असते.